खवल्यांचा मासा

शुक्रवारी दहाच्या आत आई रेवदंड्याच्या इस्रायल आळीत पोचायची.
कोर्लईहून तरीनं, डोक्यावर पाटी,
पाटीत वर कोळंबी, शिंगाळा, वाम,
आणि तळाशी ओल्या फडक्यात वेगळी बांधलेली बोय.
ती शिगुलाबाईची. तिला खवल्यांचाच मासा चालतो.
बिनखवल्यांचं काही तिच्या उंबऱ्याला लागू नये
म्हणून पाटी बाहेर, अबोलीच्या आळ्याशी.
आई नळावर हात धुवायची
आणि फडकं तेवढं आत न्यायची.

मी सात वर्षांची.
मला वाटायचं, ह्यांच्या देवाला काटे चालतात,
मग मिशा का चालत नाहीत?

आधी भावावरून भांडण.
भाव ठरला की देवावरून.

"इनासिये, तुझ्या देवाला मुलगा आहे. माझ्याला नाही."
"मग तुझा निपुत्रिक?"
"ज्याला मरायचंच नाही, त्याला वारस कशाला गं?"
आई पदरात हसायची.
"पण आमचा तो तुमच्यातलाच ना?
आई तुमच्यातली, मावशी तुमच्यातली.
म्हणून तर तुला चार आणे कमी लावते."
"आणखी दोन आणे कमी कर.
पण त्याच्या पाया पडायला सांगू नकोस.
घरच्या पोराच्या पाया कोण पडतं?"

दारफाळणीच्या सणाला आळीची सगळी दारं बंद.
त्या दिवशी आई तिथून जाताना
"मासे घ्या मासे" गिळून टाकायची.
आणि नाताळानंतरच्या शुक्रवारी
शिगुलाबाई मलिद्याची वाटी पाटीत ठेवायची,
वर केळ्याचा तुकडा, खोबरं:
"हा एलियाहू नबीचा. तो तुमच्याही पुस्तकात आहे, खा."
परत येताना तरीत मी तो संपवायची,
कोळंबीचा वास लागलेले पोहे.

मग आळी रिकामी व्हायला लागली.
आधी सामाजी तेल्याचं घर, मग हसाजी मास्तर.
शिगुलाबाईच्या पोरांनी पत्र पाठवलं, तिकीट पाठवलं.
शेवटच्या शुक्रवारी आईनं भाव केला नाही.
"जातेस तर सांगून जा.
एकच ना गं, तुझा आणि माझा?"

मला वाटलं, ती हो म्हणेल. म्हातारी, निघालेली,
हो म्हणायला काय जातं?

शिगुलाबाईनं बोय उलटी केली, खवल्यांवरून नख फिरवलं.
"तुला हो म्हणणं सोपं आहे, इनासिये.
तुझ्या हो मध्ये मी मावते.
माझं सगळं तुझ्या पुस्तकात आहेच, पुढं तुमचं जोडलेलं.
मी हो म्हटलं, तर मला माझं शेवटचं पान फाडावं लागतं.
असेल एक. त्यालाच माहीत.
मी नाही म्हणणार."

मग आत जाऊन तिनं पैसे आणले,
पहिल्यांदाच पुरे.

आईनं हे फादर तुस्कानोंना सांगितलं.
ते पुष्कळ बोलले, की नद्या वेगळ्या, समुद्र एक.
आई ऐकत होती, मासळीवरच्या माश्या वारत.
"फादर, तुम्ही वसईचे, पण खाडीवर कधी बसलात?
भरतीला समुद्रच उलटा आत येतो.
तेव्हा कोण कोणाला मिळतं?"
आणि उन्हं वाढलीत म्हणून उठली.

तरी रात्री, आमच्या त्या मोडक्या जुन्या बोलीतली
प्रार्थना संपली की आई मेलेल्यांची नावं घ्यायची,
आणि नावं संपली की जरा थांबायची.
तिथं एक जागा होती.
शिगुलाबाई मेली नव्हती, म्हणून नाव घेता येत नव्हतं.

परवा पुलावरून रिक्षानं चाललो होतो.
आई म्हणाली, आळीतून घे.
घराला आता शेंदरी रंग, बाहेर "खोल्या मिळतील".
दाराच्या उजव्या चौकटीत एक तिरका खड्डा,
दोन खिळ्यांची भोकं, रंगाचे चार थर पिऊनही
न बुजलेली.
नळ होता तिथंच होता.
आई उतरली. पाटी नाही, फडकं नाही, काही नाही,
तरी वाकली आणि हात धुतले,
बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत.
दाराशी गेली नाही.

रिक्षात बसल्यावर म्हणाली,
"तशी बोय आता येत नाही गं."