विकणे आहे : पुढे पाच, मागे दोन

लिहून घे, सेमहार, विचारतेस त्या क्रमानेच सांगते.
इंजिन पाच सिलिंडरचं, डिझेल.
तीन लाख बारा हजार किलोमीटर,
त्यातले निम्मे तरी शाळा आणि दवाखाना.

डिकी सोळाशे लिटर, असं पुस्तिकेत आहे.
लिटरने मी तिच्यात कधी काही भरलं नाही.
अख्खं मूस हरीण, चार तुकड्यांत, ताडपत्रीवर, एवढी.
सिक्स्टेनचा चेलो आडवा आणि खाली हिवाळ्याची लाकडं, एवढी.
मागची सीट पाडली की एक मीटर ब्याण्णव सपाट जागा.
अल्वार एक मीटर चौऱ्याण्णव होता.
उन्हाळ्यात तळ्याकाठी पाय दुमडून झोपायचा
आणि सकाळी कारखान्याला दोन सेंटिमीटरच्या शिव्या द्यायचा.

टपावर रूळ आहेत, शंभर किलोचे.
बोट त्याहून जड होती. रूळांना आम्ही सांगितलं नाही.

बॉनेटमधून लोंबतेय ती वायर?
उणे तीसच्या रात्री ती भिंतीत खुपसायची, इंजिन उबेला राहतं.
सकाळी काढायला विसरू नकोस.
मी एकदा सॉकेटसकट लिक्सेलेपर्यंत गेले होते.

डावं मागचं दार आतून उघडत नाही.
योनास टायरला लाथा मारतोय, मारू दे,
अल्वारनेही तिथूनच सुरुवात केली होती.

आता ही सीट. डिकीच्या तळातून वर येते,
कडीला गुडघा लावावा लागतो, अशी.
दोन लहानांची, पाठमोरी.
वजन प्रत्येकी सदतीस किलोपर्यंत.
एब्बा सदतीसची कधी झाली मला कळलं नाही,
तिने ते कुणाला कळू दिलं नाही.
आम्ही पुढचे सगळे येणारं बघायचो :
रेनडिअर, बर्फ, लाकडांचे ट्रक.
ती राहून गेलेलं बघत बसायची.
अजूनही या रस्त्यावरची गावं
तिला उलटीच पाठ आहेत.

तुझा मुलगा बसलासुद्धा. बुटांसकट. असू दे.

हिवाळी टायर किमतीतच धरलेत.
दुसरी किल्ली सापडली की पोस्टाने पाठवते.

गाडी निघाली, मुलाचं तोंड माझ्याकडे.
हात केला नाही त्याने, नुसता बघत होता.
फाटकापाशी योनासने वळायचा दिवा लावायला
भलताच दांडा ओढला,
आणि कोरड्या काचेवर मागचा वायपर
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

तो चालतो, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.