एकाच कडेला डिंक

ठवरे सर म्हणाले,
शिक्षणाची एक बातमी आणा, आरोग्याची एक.
कापा, वहीत चिकटवा,
खाली दहा ओळींत स्वतःचं मत लिहा.
स्वतःचं, असं ते दोनदा म्हणाले.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्ही त्रेसष्ट.
वाचनालयात पेपर येतात तीन
आणि त्यांना कैची लावायची मनाई.
पोरं सिंदेवाहीच्या बसस्टँडवर गेली.
भजेवाल्याच्या रद्दीत त्यांना आरोग्य सापडलं,
तेलानं आरपार दिसणारं.
तिरुपती नन्नावरेनं काकाच्या सलूनमधून
मागच्या वर्षीचं शिक्षण आणलं,
मधोमध साबणाचा फेस वाळलेला.

मला मात्र अख्खा पेपर मिळाला, ताजा, घडीचा.
पान चार:
‘पटसंख्या सात, शाळेला लागणार कुलूप’.
गाव आमचं नव्हतं,
पण फोटोतला हातपंप ओळखीचा होता,
डावीकडे कललेला,
खाली एक पोरगी ओंजळ धरून.
पाणी आलं की नाही ते फोटोत नाही.

मी कापलं, चौकोनी, पट्टी लावून.
उलटून पाहिलं तर मागे आरोग्य.
‘सिकलसेल तपासणी : तालुक्यात नव्यानं आढळले’
आणि तिथंच माझी कैची गेलेली.

आकडा शोधत मी बाकाखालच्या कपट्यांत हात घातला.
‘काय शोधतं वं?’
‘किती आढळले ते.’
‘एक तं मीच आहो,’
निर्गुणा मडावी म्हणाली
आणि बाटलीचं झाकण उघडून
घटाघटा पाणी प्यायली.

डिसेंबरातही तिच्याजवळ दोन लिटरची बाटली असते.
आम्ही समजायचो, हिला तहान फार.
ऑगस्टमध्ये ती अकरा दिवस नव्हती.
आम्ही समजायचो, रोवण्याला गेली असेल,
आमच्यातल्या अर्ध्या जातातच.
नोटीस बोर्डावर तिचं नाव लागलं,
हजेरी कमी असलेल्यांत, तिसरं.
तेव्हा ती खाटेवर होती,
हाडं आतून कोणी धान कांडावं तशी कांडत होतं.
हे तिनं सांगितलं ते
बस चुकल्याचं सांगावं तसं.

कंपासमधून तिनं लाल कार्ड काढलं.
कोपरे मऊ पडलेले,
फोटोत ती दहा वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर तेल.
‘आमच्या गावची शाळा बंद झाली ना, चौथीत.
मंग मले आश्रमशाळेत टाकलं.
थितं बोटातून रक्त घेतलं सगळ्याइचं.
गावातच रायली असती तं मालूमच नसतं पडलं.’
मग थोडं थांबून,
‘पण माया लहान भाऊ घरीच रायला.
शाळाच नाही तं तपासते कोन.’

आता लिही मत.
दहा ओळी.
शाळा बंद व्हायला नको, लिहिलं. खोडलं.
शाळा बंद झाली हे बरं झालं, हे तर
लिहायला पेनच टेकेना.
शासनाने लक्ष द्यावे, असं तिरुपतीनं लिहिलं होतं
दोन्ही बातम्यांखाली.
त्याचं झालं होतं, तो क्रिकेट खेळत होता.

मी कात्रणाला एकाच कडेला डिंक लावला.
म्हणजे ते दारासारखं उघडेल,
आधी हातपंप दिसेल, मग मागचं अर्धं वाक्य.
दहा ओळींच्या जागी मी
निर्गुणानं सांगितलेलं तिच्याच बोलीत उतरवलं,
तिला विचारून.
ती म्हणाली, ‘भावाचं नाव नको लिहू.’
नाही लिहिलं.

वही सोमवारी परत आली.
दहापैकी सहा.
समासात लाल शाईनं :
‘आरोग्याची बातमी कुठे आहे?
भाषा प्रमाण हवी.
कात्रण सुटते आहे, नीट चिकटवा.’

निर्गुणानं ते वाचलं, बोटानं दार उघडलं,
वाक्य जिथं तुटलं होतं तिथं
पेन्सिलनं एक आकडा लिहिला,
पुढे प्रश्नचिन्ह.
मग नवरगावची बस लागली
आणि बाटली भरायची राहिली म्हणून
ती नळाकडे पळाली.
जरा हळू पळ, मी म्हणाले.
ऐकू गेलं नसावं.