लाल शेंडा

अंगणातल्या हंसाच्या डाव्या पंखाचं पीस घ्यायचं,
असं बाबा सांगायचे.
उजव्या का नाही, विचारलं
की कांद्याची पात चावत बसायचे.
(तंबाखू आमच्या पंथात वर्ज्य.)

पीस खरवडून नुसती नळी ठेवायची,
दोन्ही तोंडं मेणानं बुजवायची,
सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून दोन कड्या,
कड्यांतून दोरा.
झाला तरंडा.
पेइप्सी सरोवरावर वारा असला
तरी पाण्यात ताठ उभा.
आमच्या देवळात बाकं नसतात,
तीन-तीन तास उभ्यानंच प्रार्थना;
तरंड्याला ते ठाऊक असावं.

पाइनच्या सालीचेही केले,
औषधाच्या बाटल्यांच्या बुचांचे,
माझ्या शाळेच्या पेनाचा एक, मला न विचारता.
चौऱ्याहत्तर साली गल्लीत पहिला फ्रिज आला, अगाफ्याकडे.
सगळे फ्रिज बघायला गेले,
बाबा थर्माकोल मागायला.

पण शेंडा दिसायला हवा.
राखाडी पाणी, राखाडी आभाळ, मधे राखाडी पीस.
कुंपणाचा रंग आठवड्यात उडायचा,
बीटचा रस पहिल्याच बुडीत.

आईकडे एक बाटली होती,
लेनिनग्राडहून आणलेली, नखांना लावायची.
देवळातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हात रंगवणं शक्य नव्हतं,
म्हणून ती फक्त पायाची नखं रंगवायची.
फेल्टच्या बुटांत कोण बघतंय?
पिठाच्या पिंपामागे ठेवलेली ती बाटली
बाबांना कशी सापडली, देव जाणे.

त्या वसंतात आमचे अकरा तरंडे
अख्ख्या गावासमोर
लाल शेंडे वर करून उभे राहिले.
आई धक्क्यावर भाकर घेऊन आली,
बघत राहिली.
ओरडायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.
बाबांनीही विचारलं नाही, हा रंग घरात कुठून.
त्या दिवशी मासे खूप लागले.
आईने सूप खारट केलं.
बाबा दोन वाट्या प्यायले.

कांदे काढायच्या दिवसांत
गांडुळांच्या डब्यात, मातीखाली,
कागदात गुंडाळलेली नवी बाटली निघाली.
कोणी ठेवली, कोणी उचलली,
यावर आमच्या घरात
आजवर चर्चा झालेली नाही.

आता मुस्तव्हेला माझं दुकान आहे.
काचेच्या कपाटात बॅटरीचे तरंडे:
मासा ओढेपर्यंत हिरवे, ओढला की लाल.
एक गोळा तर पाण्याची खोली थेट फोनवर कळवतो.
हान्नो नावाचा पोरगा विचारत होता,
पूर्वी खोली कशी कळायची हो?
दोऱ्याला गाठ मारून, म्हटलं.
आणि गाठ चुकली तर?
तर चुकली.
मीही रात्री बॅटरीवालाच लावते.
झोसिमा मास्तरची मुलगी असले तरी
पन्नाशीनंतर पीस दिसत नाही.

आई एकोणनव्वदची.
खिडकीशी बसून पाण्यातले हिरवे ठिपके मोजते.
सात म्हणते, मग नऊ, मग परत सात.
एखादा लाल झाला
की काचेवर बोट टेकवते: लागला.
बाबांचं नाव तिला रोज आठवतंच असं नाही.

परवा शनिवारी, न्हाणीनंतर,
मी तिची नखं कापली.
कापून झाली तरी
तिने पाय मागे घेतला नाही,
तसाच माझ्या मांडीवर ठेवला.
वाट बघत.

दुकानात लाल रंग आहे,
तरंड्यांचा, पटकन वाळणारा,
डब्यावर लिहिलंय: पाण्याने जात नाही.

रात्रीचे साडेदहा झाले होते.
मी कोट चढवला,
किल्ली शोधायला लागले.