टोप्या

बारा डोक्यांचं मशीन आहे आमच्या गाळ्यात.
खैरानी रोड, दुसरा मजला, जिना लोखंडी.
एका वेळी बारा टोप्यांवर एकच नाव उमटतं.
इस्राफील बटण दाबतो, मी धागे तोडते.

मला इंग्रजी येत नाही, अक्षरं येतात.
आय सोपा. ओ गोल फिरून घरी येतो.
डब्ल्यू आला की सुई तापते,
म्हणून ज्याच्या नावात डब्ल्यू, तो उमेदवार
शेठला डझनामागे चार रुपयांनी महाग.

त्या देशात निशाण्या दोनच चालतात. हत्ती आणि गाढव.
पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले,
गाढव पुढे करून मतं मागायची
आणि लोक देतात म्हणे, निम्मे तरी!
इस्राफील म्हणाला, हत्ती बरा, भरीव, टाका बसतो.
गाढवाचे पाय बारीक, तिथंच धागा तुटतो.
मग काय, अडला हरी.
रात्रभर पायच धरून बसलेले मी.

हिवाळ्यात गाढवाकडून सात नावं आली.
बातम्या आम्ही बघत नाही, ऑर्डर बघतो.
पाचशेची दोन हजार झाली, त्याचं बरं चाललंय.
फोनच येत नाही, तो थकला.
आणि पहाटे चारला शेठचा मोबाइल वाजून
'रोक दो' ऐकू आलं
की समजायचं, कुणीतरी माघार घेतली,
बायकोला शेजारी उभं करून, हात हलवून.
बारा टोप्यांवर अर्धं नाव.
हत्तीवाल्यांचंही एकदा तसंच झालं.
आपल्यात हत्ती जातो, शेपूट राहतं.
इथं शेपटासकट हत्ती राहिला,
माणूस तेवढा गेला.

सातांत एक बाई होती.
एडिसनचा भावेश सभेबाहेर आमचा माल विकतो,
त्यानं फोटो पाठवला: बर्फात उभी, कान लाल,
डोक्यावर आमची टोपी
आणि कपाळावर लोंबणारा एक धागा.
तो माझ्या कात्रीतून सुटलेला.
आधी लाज वाटली. मग वाटलं,
एवढ्या लांब माझी चूक डोक्यावर घेऊन हिंडतेय बिचारी.
तेव्हापासून माझं मत तिला.
तिच्या टोप्या मी दोनदा तपासायची.
इस्राफील चिडवायचा, ताई, तुमचं नाव तरी आहे का यादीत?
नव्हतं. गेल्या वेळी इथल्याच यादीतून गळलं होतं.
नवऱ्याचं होतं, तो वारून सहा वर्षं झालेली.

मार्चमध्ये तिचा फोन आला. म्हणजे तिच्या नावाचा.
अठराशे टोप्या, निळ्या, पोत्यांत.

मग धनाजी वारंग आले जिना चढून.
वॉर्डातून इच्छुक. दोनदा टोपी फिरवलेले.
शेठनं विचारलं, निळा रंग चालेल?
म्हणाले, पक्षाचं अजून बोलणं चालू आहे,
तुम्ही नाव तेवढं टाका.

उसवायचं काम माझ्याकडे. टोपीमागे दोन रुपये.
उलट्या बाजूनं ब्लेड घालायचं, हळू,
अक्षर सुटून मांडीवर पडतं,
भोकं तिथंच राहतात.
तिचं नाव नऊ अक्षरी, यांचं पाच.
दोन्ही कडांना दोन-दोन अक्षरांची भोकं उरली.
वारंग बोट फिरवून म्हणाले,
बरंय, हवा खेळेल.

सतराशे नव्याण्णव मोजून दिल्या.
शेठनं पुन्हा मोजल्या नाहीत,
किंवा मोजल्या असतील.

नोव्हेंबरात तिकडे कोण आलं, मला विचारू नका.
हत्तीचा राखाडी दोरा संपला.
गाढवाची तीन रिळं अजून फळीवर आहेत.
शेठ म्हणतो, राहू दे,
पॉलिस्टर आहे, चार वर्षांत काय कुजतंय.