उणे ऐंशी

नळीवर नाव नाही. सहा आकडे आणि एक रेघ.
बर्फ झटकून मी ती उजेडात धरते.
जुन्या मधाच्या रंगाचं,
अर्ध्या बोटाएवढं रक्तद्रव.

सोबत तुझी उत्तरं आहेत, टपोऱ्या अक्षरात.
वय चाळीस. काम: भाकरीच्या भट्टीवर.
सिगारेट: दिवसाला दहा,
आणि खाली, बारीक, कधी बारा.
सांधे दुखतात का?
तू 'नाही'वर फुली मारलीस,
इतकी जोरात की कागद मागून उठलाय.

खोटं नव्हतंच ते.
त्या वर्षी तू जवाची भाकरी
खाचांच्या लाटण्यानं लाटत होतीस,
पलीकडचा उजेड दिसेल इतकी पातळ.
(हे मी रचतेय. पण उमेओत भट्टीवरचं काम
आणखी कसलं असणार?)

आता माझ्या प्लेटच्या इवल्या खळग्यात
रंग चढतो. पिवळा. मग हट्टी पिवळा.
प्रतिपिंडं आहेत. तेव्हाच होती.

धुरानं तुझ्या फुप्फुसात कुठेतरी
एका प्रथिनाचा चेहरा किंचित बदलला असेल.
फार नाही. आर्जिनिनच्या जागी सिट्रुलिन,
ओळखीच्या माणसानं मिशी काढावी, तेवढंच.
घरची माणसं हसली असती.
दारावरच्या पहारेकऱ्याला हसणं शिकवलेलं नसतं.
त्यानं विचारलं, कोण तू?
आणि उत्तराआधीच वर्णन लिहून घेतलं,
प्रती काढल्या, लाखो,
रक्तात सोडून दिल्या.

कुंपणच शेत खातं, म्हणतात.
मला ते पटत नाही.
त्यात कुंपणाला भूक आहे असं गृहीत धरलंय.
ही भूक नव्हती. ही राखण होती,
विसरणं ठाऊक नसलेली.

नऊ वर्षं काहीच झालं नाही.
नदी गोठली, फुटली, गोठली.
मग एकदा, कशानं ते आम्हालाही नीट कळलेलं नाही,
बोटांच्या पेरांतून हाक गेली.
टी-पेशी आल्या, मॅक्रोफेज आले,
त्यांनी टीएनएफ ओतला, टीएनएफनं आणखी हाका दिल्या,
आणि आलेल्यांपैकी परत कुणीच गेलं नाही.
सांध्याचं अस्तर, एरवी कांद्याच्या पापुद्र्याएवढं,
फुगलं, कूर्चेवर चढलं,
हाडाला कडेनं कुरतडू लागलं.

दुसरा कागद नऊ वर्षांनंतरचा.
सकाळचा आखडलेपणा: दोन तास.
दोन्ही हात, सारखेच.
औषध: मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा;
पुढे महिन्यातून दोनदा सुई.
पहारेकऱ्याला गुंगी, पण बेतानं,
कारण हिवाळ्यात खरा चोरही दार वाजवतो.
कामाचा रकाना कोरा.
अक्षर आता बारीक,
फुल्या कागदाला जेमतेम टेकलेल्या.

मी आकडा नोंदवते. तुला कळवायचं नसतं.
कळवून तरी काय सांगणार?
तुझ्या हातांच्या कितीतरी आधी
तुझ्या रक्ताला माहीत होतं,
आणि आम्ही ते सांभाळून ठेवलं होतं,
कुणीही न वाचता?

गेल्या मार्चमध्ये मीही चाळिशीची झाले.
तसाच कागद, तोच प्रश्न, 'नाही'वर फुली.
माझी नळी याच खोलीत आहे,
तिसऱ्या किंवा चौथ्या फ्रीजरात.
माझे सहा आकडे मला ठाऊक नाहीत. नियम आहे तसा.
इर्मेली विचारते, तुला बघावंसं वाटत नाही?
मी म्हणते, दार लाव, थंडी जातेय.

दुपारी तीनलाच काळोख.
बसथांब्यावर, भूर्जांच्या रांगेखाली
मी उजवा हातमोजा काढते
आणि मूठ वळते,
करंगळीपासून, एकेक.