रावपुऱ्यातली घड्याळं

त्रिंबकमामा गेला त्या आठवड्यात
मी एम.एस.च्या वर्गात कृष्णविवर शिकवत होते.
फळ्यावर वर्तुळ काढताना खडू मोडला.
म्हटलं, ही कड. हिला जाडी नाही, भिंत नाही.
बाहेर निघालेला प्रकाश इथे
जागच्या जागी धावत राहतो.

आत काहीही पडो,
सोन्याची साखळी, चिखल, कुणाचं अर्धं वाक्य,
बाहेरून तीनच गोष्टी मोजता येतात :
वजन, विद्युतभार, गिरकी.
बाकी सगळं गुळगुळीत.

पालिकेच्या खिडकीवर मी तीनच रकाने भरले.
नाव. वय. तारीख.
कारकून म्हणाला, "बस, थई गयुं."

मग दुकान उघडलं, टॉवरपासून चौथं,
वाकून शिरायची सवय मोडली होती, डोकं आपटलं.
चारी भिंतींवर घड्याळं,
एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं.
पूर्वेचं सात मिनिटं पुढे,
दाराशेजारचं त्याहून थोडं कमी.

लहानपणी विचारलं होतं, खरी वेळ कुठली?
डोळ्यातलं भिंग न काढता तो म्हणाला,
"उभी आहेस त्या बाजूची."
मला वाटलं, आळशी आहे.

आता वहीत तेच लिहिलेलं असतं, वेगळ्या अक्षरांत :
कडेवरचा एकेक किरण आपली वेळ
हवी तेवढी सरकवू शकतो, शेजाऱ्याला न विचारता,
आणि कड तशीच्या तशी राहते,
वजनात गुंजेचाही फरक नाही.
चेंडू फिरवला तरी चेंडूच दिसतो,
ती सममिती पोरांनाही कळते.
ही दुसरी. दिशा तितक्या.
कुणी म्हणतात, आत गेलेल्याची खूण
या सरकण्यातच उरत असावी.
कुणी म्हणतात, छे.
वर्गात मी दोन्ही सांगते आणि घाईने फळा पुसते.

हर्षिदाबेन पावती घेऊन आल्या.
त्यांच्या यजमानांचं लंबकाचं घड्याळ,
सव्वा वर्ष दुरुस्तीला पडलेलं.
दक्षिणेच्या भिंतीवर होतं, चालू, अकरा मिनिटं मागे.
मी काटा धरला, टॉवरकडे मान वळवली.
"रहेवा दो," त्या म्हणाल्या,
"ते असंच चालवायचे. तुमच्या मामांना मीच सांगितलेलं,
चालू करा, बरोबर नका करू."

उधारीच्या वहीत त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.
तरी चाळीस रुपये ठेवून गेल्या.

त्या खिळ्याखाली भिंत जरा कमी मळली आहे.
मी अजून त्याच्या भिंगाचं झाकण शोधते आहे,
टेबलाखाली, गुडघ्यांवर,
चहूकडून वेगवेगळे ठोके पडताना.