खरवड

भांड्याच्या बुडाशी लागलेली खरवड
नातवंडं खरवडून खातात, भांडतात तिच्यासाठी.
मी उठून ओसरीवर जातो.
सून म्हणते, मामंजींना कधी आवडलीच नाही.

आवडायची, पोरी.
थोरली बहीण थोआ, तिच्या हातची तर
सोनेरी, पापडासारखी सुटून यायची.

त्या हिवाळ्यात मी हनोईच्या वीजघरात भट्टीवर होतो.
कोळसा यायचा ते रूळ विमानांनी उखडले,
तर साहेब म्हणाला, मका घाला.
मका संपला. म्हणाला, भात घाला.
साहेब फ्रेंच. त्याच्यामागे एक जपानी, तलवारवाला.
दोघांचं आपसात काय चालायचं आम्हाला कळलं नाही,
पण पोती कधी कमी पडली नाहीत.

पोत्यावर जिल्ह्याचा शिक्का: थाई बिन.
माझाच जिल्हा.

साळ जळताना आधी तडतडते,
मग लाह्या फुटतात, पांढऱ्याशुभ्र,
पूर्वजांपुढे ठेवाव्यात तशा,
क्षणभरच.
शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
मी राखेवरून सांगायचो हा कुठल्या बांधाचा.
वर शहरात दिवे लागायचे.
क्लबात कुणीतरी पियानो शिकत होतं,
रोज त्याच एका जागी चुकायचं.

थोआचं पत्र आलं, मास्तरांच्या अक्षरात:
पोटरीला आलेला भात उपटायला लावला.
ताग लावा, एरंड लावा, हुकूम आहे.
तागाचा कोवळा पाला उकडून खाल्ला,
आता राखण बसवलीय. पाल्यावरसुद्धा.
वसुली पिकावर नाही, जमिनीवर आहे.
वादळाने झोपवलं त्या शेताचाही आकडा तोच.
आमच्याकडे नव्हता, तेव्हा बाजारातून चौपट भावाने घेतला
आणि सरकारी भावाने सरकारला दिला.
गावप्रमुखाचं कोठार मात्र आकड्यात नाही.
तू तिथे पोटभर जेवतोस ना?

त्या तागाची पोती विणली जायची
आणि त्या पोत्यांत भरून आमचा भात
माझ्या फावड्यापर्यंत यायचा.
हे मला एका रात्री, एकदम कळलं.
फावडं थांबलं.
मुकादम ओरडला.
फावडं चालू झालं.
लिहायचं तर हेही लिहायला हवं.

दक्षिणेत भात पडून होता म्हणे, कुजत.
परवाना नसेल तर प्रांताची हद्द ओलांडणारा चोर.
फाटकावर आमची झडती व्हायची, तोंडसुद्धा उघडून बघत.
लाकच्या गालात अकरा दाणे सापडले.
अकरा. मुकादमाने मोठ्याने मोजले.
दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसराच माणूस होता.

मी बुटाच्या तळव्याखाली नेत राहिलो,
चालताना टोचायचे. बरं वाटायचं टोचले की.
तेतच्या सणाला दोन वाट्या झाले.
गावाकडे निघालो तेव्हा
सगळा रस्ता समोरून येत होता, शहराकडे,
चटया पांघरलेली माणसं, बोलत नव्हती.
काही बसली होती, ती उठली नाहीत.
त्या दोन वाट्या मी पोटाशी धरल्या
आणि कुणाकडे बघितलं नाही.
कुणाकडेही.

थोआच्या घराला दार नव्हतं. विकलं असणार.
छपराचे वासेही गेलेले.
सूप तेवढं भिंतीवर होतं, रिकामं, झटकून ठेवलेलं.
मागे ताग उभा, माझ्या डोक्याच्या वर,
हिरवागार, काय सांगू,
इतकं चांगलं पीक त्या मातीत मी कधी पाहिलं नव्हतं.

शाळेतली नात विचारते, दुष्काळ कशामुळे पडला, आजोबा?
वादळामुळे, असं लिहू?
वादळ आलं होतं, बाळा. खरंच आलं होतं.
पण वादळ पोत्यांवर शिक्के मारत नाही.

ती थोडा वेळ पेन्सिल चावते.
आत खरवडीचं भांडण संपलेलं.
सून ओसरीवरचा दिवा लावायला येते.
मी म्हणतो, राहू दे,
अजून दिसतंय.